हात कामाला लागेपर्यंत

परळला आचार्य दोंदे मार्गावर सकाळी साडेआठच्या सुमारास उभं राहावं. के.ई.एम. रुग्णालयाच्या फाटकापाशी रात्रीच्या एस.टी.ने आलेली माणसं केसपेपरची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असतात. कुणी देवगडचं, कुणी आष्टीचं, कुणी थेट मेळघाटातलं. आजूबाजूला हाफकिन संस्था, वाडिया आणि टाटा रुग्णालयं. मोठं आजारपण घेऊन मुंबईत आलेल्या माणसाला हा भाग सहसा चुकत नाही. के.ई.एम.च्या याच आवारात १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. भारतातली ही पहिली.

इथं गोळ्या मिळत नाहीत, सुई टोचली जात नाही. समोर बसलेल्या माणसाला विचारायचा पहिला महत्त्वाचा प्रश्न हा, की दुखणं येण्याआधी तुम्ही दिवसभरात काय काय करत होता? उत्तर लगेच येत नाही. बऱ्याच जणांना, विशेषतः बायकांना, हे आजवर कुणी विचारलेलंच नसतं. मग एकेक निघू लागतं. पहाटे चूल, विहिरीचं पाणी, दोन म्हशींची धार, मुलीची वेणी, बाजाराच्या दिवशी डोक्यावरून भाजीची पाटी. विद्यार्थ्याच्या वहीत ही यादी आधी उतरते, सांध्याची मोजमापं नंतर. संस्थेचा इतिहास सांगताना इमारत, पायाभरणी, पहिली तुकडी हा क्रम असतो हे मला ठाऊक आहे. पण या शाळेचा पाया त्या यादीत आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

‘व्यवसायोपचार’ या नावानं आम्हा लोकांना पंचाहत्तर वर्षं समजावत ठेवलं आहे. व्यवसाय म्हटलं की मराठी कानाला धंदा ऐकू येतो. “म्हणजे तुम्ही नोकरी लावून देता का हो?” असं विचारणारे नातेवाईक मला दर महिन्याला भेटत आले. त्यांचं चुकत नाही. मूळ इंग्रजी शब्दात ‘माणूस ज्यात गुंतलेला असतो ते सगळं’ असा अर्थ आहे. त्यात नोकरी येते तशी अंघोळही येते, देवपूजा येते, पत्त्यांचा डाव येतो, नातवाला मांडीवर घेणं येतं. फिजिओथेरपीला मराठीत भौतिकोपचार म्हणतात आणि लोकांना तो आता चांगला माहीत झाला आहे. दोन्हींतला फरक मी असा सांगते: खांदा वर जातो की नाही हे भौतिकोपचार पाहतो, त्या खांद्यानं फडताळातला डबा निघतो की नाही हे आम्ही पाहतो. प्रत्यक्षात दोघांचं काम एकमेकांत मिसळलेलं असतं, आणि तसंच ते असावं.

ही उपचारपद्धती अमेरिकेत १९१७ साली संघटित झाली. पहिलं महायुद्ध चालू होतं. मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं नुसत्या बसून राहिलेल्या माणसांना विणकाम, सुतारकाम, बागकाम दिलं की त्यांच्यात फरक पडतो, हे काही डॉक्टरांनी आणि समाजसेविकांनी पाहिलं होतं. युद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांनी त्या अनुभवाला निकड आणली. फिलाडेल्फियात १९१८ साली हे शिकवणारी शाळा निघाली. तीसेक वर्षांनी त्या शाळेतून शिकून एक बाई मुंबईत परतल्या, आणि आमची गोष्ट सुरू होते ती त्यांच्यापासून.

कमलाबाई निंबकर. माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. १९०० सालचा जन्म, न्यू जर्सीतलं क्वेकर कुटुंब. क्वेकर म्हणजे साधी राहणी, युद्धाला विरोध आणि सेवेला धर्म मानणारी माणसं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, त्या भारतात आल्या, विष्णू निंबकरांशी लग्न केलं आणि कमला झाल्या. नाव बदललं ते कायमचं. चाळिशी उलटून गेल्यावर, मुलगा हाताशी आलेला असताना, ही बाई पुन्हा विद्यार्थिनी झाली आणि अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचार शिकून आली. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. त्या काळात मुंबईत चाळिशीच्या बाईनं सुनेचा विचार करायला लागायचं, अशी रीत होती.

फलटणला कमला निंबकर बालभवन नावाची शाळा आहे. महाराष्ट्रातल्या शिक्षणाची आस्था असलेल्या लोकांना ती मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे ठाऊक आहे. फलटणमध्येच कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली शेतीसंशोधनाची संस्था काढली. लेखिका जाई निंबकर या त्यांच्या पत्नी आणि इरावतीबाई कर्व्यांच्या कन्या. म्हणजे हे नाव महाराष्ट्रात शेती, शाळा आणि साहित्य या तीन वाटांनी पोचलं. चौथी वाट परळच्या रुग्णालयातून गेली, आणि तिची माहिती सर्वांत कमी लोकांना आहे.

के.ई.एम. १९२६ सालचं. त्याचं वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून निघालं, आणि देणगीची अट अशी की शिकवणारे भारतीय असले पाहिजेत. मोठ्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असण्याचा तो काळ. अशा संस्थेत जन्मानं अमेरिकन बाईनं नवा विषय आणावा आणि तो इथला करून टाकावा, हे जुळून आलं खरं. त्याहून महत्त्वाचं, हे महापालिकेचं रुग्णालय. इथं येणारा माणूस हातावर पोट असलेला.

हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो. परळमध्ये तो शब्दशः खरा होता. पन्नास साली आजूबाजूच्या गिरण्यांत दोन लाखांच्या आसपास माणसं कामाला होती. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, धोटा सुटून लागायचा, पट्ट्यात हात जायचा, सूतकताईच्या त्रासनखात्यात बोटं अडकायची. बोटाचा टाका निघाला की डॉक्टरांच्या दृष्टीनं रुग्ण बरा. पण तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारता आली नाही, तर साळखात्यातल्या माणसाला ते बरं होणं काय कामाचं? अंगठा आणि तर्जनी यांची टोकं एकमेकांना टेकणं म्हणजे त्याची रोजी. बदली कामगाराच्या मागे तर पगारी रजाही नसायची. हात लवकर आणि नेमका कामाला लागणं, एवढाच त्याचा विमा.

कमलाबाई ज्या पुस्तकांवर शिकल्या त्यांत वेताच्या टोपल्या होत्या, चामड्याची पाकिटं होती. इथं हातमाग आला, टकळी आली, सुतारकामाचा रंधा आला. माग हे फार गुणी साधन आहे. पावडी दाबताना घोटा आणि गुडघा चालतो, फणी ठोकताना खांदा आणि कोपर, धोटा फेकताना मनगट. फणीला वजन बांधलं की खांद्याला जोर वाढवावा लागतो. बसण्याची उंची बदलली की कमरेचं काम बदलतं. सूत जाड घेतलं की चिमूट सैल चालते, बारीक घेतलं की घट्ट लागते. व्यायाम दहा वेळा सांगितला तर माणूस आठव्याला कंटाळतो. मागावर चार बोटं कापड विणून होतं तेव्हा त्याच हालचाली कितीतरी वेळा होऊन गेलेल्या असतात.

यात एक धोका होता आणि तो पुढेही राहिला. कापड सुरेख झालं की सगळ्यांचं लक्ष कापडाकडे जातं. प्रदर्शन भरतं, पाहुणे येतात, रुग्णानं विणलेला आसनपट्टा दाखवला जातो. आसनपट्टा सुरेख असणं हा उपचाराचा हेतू नसतो. तो वाकडा झाला आणि बोटं सरळ झाली, तर आमचं काम झालं. हे नव्या विद्यार्थ्याला पटवायला पहिलं वर्ष जातं.

हळूहळू साधनं आणखी घरची झाली, आणि इथं मला जरा रेंगाळू द्या, कारण या विषयातलं मराठीपण मला इथंच दिसतं. मनगटाचं हाड जुळल्यावर बाईला रबरी चेंडू दाबायला सांगण्यापेक्षा परातीत पीठ मळायला द्यावं. तळहाताच्या मुळाशी जोर येतो, मनगट मागे वळतं, बोटं पसरतात आणि मिटतात. भाकरी थापताना तर डावा हात भाकरी फिरवतो, उजवा थापतो. दोन हातांनी एकाच वेळी वेगवेगळं काम करणं मेंदूच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला सर्वांत जड जातं, आणि ज्वारीची भाकरी त्याचा चोख कस पाहते. तव्यावर टाकताना ती मोडली नाही, म्हणजे गड चढला.

एका हातानं स्वयंपाक करावा लागणाऱ्यांसाठी परदेशी यादीत खिळे ठोकलेली फळी असते. बटाटा खिळ्यावर रोवायचा म्हणजे सुरी चालवताना तो हलत नाही. आपल्याकडे विळी आहे. पातं जागेवर पक्कं, पाट पायाखाली, हात फक्त भाजीला लागतो. ज्या आजीनं ही रचना पहिल्यांदा केली तिच्या नावावर काही नोंदलेलं नाही. मात्र विळीला खाली बसावं लागतं, आणि इथं दुसरी बाजू येते. आपलं जगणं जमिनीलगतचं. मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाटावरून हात न टेकता उठणं. खुर्चीत बसून जगणाऱ्यांसाठी लिहिलेल्या तपासणीपत्रकात याला जागाच नव्हती. लुगडं नेसताना निऱ्या धरायला किती बोटं लागतात, कासोटा मागे खोवायला खांदा किती मागे जावा लागतो, गच्च भरलेल्या लोकलमध्ये वरची कडी धरायला पकडीत किती जोर हवा, हे सारं इथल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना रुग्णांकडूनच शिकावं लागलं.

पोलिओबद्दल लिहिल्याशिवाय त्या पहिल्या दशकाचं चित्र उभं राहणार नाही. मुंबईत हा आजार वाढत होता. १९४९ साली परळलाच, हाफकिनच्या आवारात, पोलिओ संशोधनाचं केंद्र उघडलं. दोन वर्षं आधी, १९४७ साली, फातिमा इस्माइल यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली होती. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता आणि उपचारासाठी मद्रास गाठावं लागलं होतं. आपल्या मुलीपुरतं पाहून त्या थांबल्या नाहीत. छोट्या दवाखान्यापासून सुरू झालेलं हे काम पुढे हाजी अलीजवळ मुलांच्या रुग्णालयापर्यंत गेलं. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. के.ई.एम.मध्ये ५२ सालाच्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं भौतिकोपचाराची शाळा आली. १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानं हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. परळ ते हाजी अली हे अंतर टॅक्सीनं पंधरा-वीस मिनिटांचं. देशाच्या पुनर्वसनशास्त्राची पहिली दहा वर्षं बरीचशी या एवढ्या टापूत घडली.

लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, चामड्याचे बूट, काखेतल्या कुबड्या. त्या पिढीतल्या मुलांना आम्ही सगळे एकच सांगत आलो: कर, आणखी कर, दमलास तरी कर. ती मुलं जिद्दीनं मोठी झाली, बँकांत लागली, शिक्षक झाली, लोकलनं डोंबिवलीहून फोर्टला गेली. आणि मग पन्नाशी-साठीत त्यांतली काही पुन्हा आमच्याकडे यायला लागली. चांगला म्हणून ठेवलेला पायही थकतो आहे, जिना चढवत नाही, रात्री स्नायू दुखतात. पोलिओत मेलेल्या मज्जापेशींचं काम उरलेल्या पेशींनी तीस-चाळीस वर्षं ओढलेलं असतं. त्या आता दमलेल्या असतात. याला पोलिओनंतरची दुर्बलता म्हणतात, आणि इथं उपचार उलटा आहे. आता जास्त करू नकोस. बसून इस्त्री कर. बाजारात जाताना चाकाची खुर्ची घे, तो पराभव नव्हे. ज्या मुलाला आठव्या वर्षी ‘चाल’ म्हणून सांगितलं, त्याला साठाव्या वर्षी ‘बस’ म्हणून सांगताना आवाज कापतो. भारतातला रानटी विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधला, आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण पोलिओ झालेली माणसं अजून आहेत, म्हातारी होत आहेत, आणि त्यांना ओळखणारे डॉक्टर कमी होत चालले आहेत.

कुष्ठरोगाच्या कामाचा धागाही त्याच काळातला. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, आपल्याकडे डॉ. नोशीर अंटिया यांनी आधी पुण्याजवळ कोंढव्याला आणि मग जे.जे.मध्ये. एका स्नायूचा दोर काढून दुसऱ्याच्या कामाला जोडायचा, ही ती शस्त्रक्रिया. टाके निघाल्यावर खरी परीक्षा लागते. आजवर मनगट वळवणाऱ्या स्नायूला आता बोट सरळ करायचं असतं आणि मेंदूला हे ठाऊक नसतं. ते शिकवायचं काम व्यवसायोपचाराचं. दुसरं काम त्याहून कठीण: ज्या हाताला संवेदना नाही त्या हाताला जपायला शिकवणं. गरम पातेलं लागतं पण कळत नाही. म्हणून पातेल्याला लाकडी मूठ, विडी लांब नळीत, रोज रात्री तळहात डोळ्यांनी तपासायची सवय. त्याच सुमारास वरोऱ्याला बाबा आमटे कुष्ठरुग्णांच्या हाती कुदळ देत होते. त्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची, परळची शाळा १९५० ची. माणसाला बरं करण्याचा रस्ता त्याच्या कामातून जातो, हे एकाच वेळी परळला आणि वरोऱ्याला उमगत होतं. या दोन ठिकाणांचं नातं कुणीतरी नीट लिहायला हवं.

संघटनेचा भाग थोडक्यात सांगते. कमलाबाईंच्या पुढाकारानं १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. शाळा अवघी दोन वर्षांची असताना हे घडलं. १९५५ पासून संघटनेचं नियतकालिक निघू लागलं. आशियातल्या पुनर्वसनाला वाहिलेलं एक वेगळं इंग्रजी नियतकालिकही कमलाबाईंनी मुंबईतून चालवलं. पुढे नागपूरला आणि मग देशात इतरत्र शाळा निघाल्या. पदविकेचा अभ्यासक्रम पदवीचा झाला, पदव्युत्तर शिक्षण आलं, आणि १९९८ साली नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यातले हे अभ्यासक्रम तिकडे गेले. त्याच्या कितीतरी आधी, १९७९ मध्ये, कमलाबाई गेल्या होत्या. राज्यात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचाराची एकत्र परिषद स्थापन झाली, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं व्यवसायोपचाराला संलग्न आरोग्य व्यवसायांत स्वतंत्र स्थान मिळालं. नोंदणीसाठी, वेतनश्रेणीसाठी आणि ‘तुम्ही नक्की कोण?’ या प्रश्नासाठी खर्ची पडलेली वर्षं यात दिसत नाहीत.

त्यापेक्षा मोठा बदल विचारात झाला. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी संस्था सुरू केली, आणि ‘या मुलांना शिकवून काय करायचं?’ असं विचारणाऱ्यांना शाळा काढूनच उत्तर दिलं. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अपंगत्वाची नवी मांडणी स्वीकारली: अडचण एकट्या शरीरात नसते, ती जिन्यात असते, अरुंद दारात असते, शेजाऱ्यांच्या नजरेत असते. १९९५ च्या आपल्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. परळच्या वह्यांतली ती दिवसभराच्या कामांची यादी आता जगाच्या अधिकृत भाषेत आली होती.

पण कागद आणि घर यांत अंतर असतं. माझ्या मावशीला वीसेक वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव. एका मोठ्या रुग्णालयानं जीव वाचवला, त्याबद्दल आमचं घर कायम ऋणी आहे. घरी सोडताना कागदावर लिहिलं होतं, ‘व्यायाम चालू ठेवावा.’ संडास घराच्या मागे, सात पायऱ्या उतरून, मध्ये न्हाणीची शेवाळलेली फरशी, हे कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती तिथं पडली आणि मांडीचं हाड मोडलं. मी या क्षेत्रातली, आणि मीही फोनवर फक्त ‘हात हलवतेस ना?’ एवढंच विचारत राहिले होते. नंतर आम्ही पायऱ्यांना दोन्हीकडे बांबूचा कठडा बांधला, फरशीवर सुंभाचं पायपुसणं ठोकून बसवलं, पडवीत खुर्चीचा संडास केला. खर्च साडेचारशे रुपये. हेच आधी केलं असतं तर. तेव्हापासून मी रुग्णाला घरी सोडण्याआधी नातेवाईकांकडून घराचा नकाशा काढून घेते, पाटीवर खडूनं का होईना.

तंत्रज्ञानाचं बोलायचं तर आमच्या विषयात ते जुनं आहे. फक्त त्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नव्हतं. चमच्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केली की संधिवाताच्या बोटांना तो धरता येतो. प्लॅस्टर आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या जागी गरम पाण्यात मऊ होणारं प्लॅस्टिक आलं, आणि हाताला आधार देणारं स्प्लिंट रुग्णाच्या हातावर दहा मिनिटांत घडवता येऊ लागलं. भाजलेल्या रुग्णांची कातडी आखडू नये म्हणून घट्ट कपडे आले. आरशासमोर चांगला हात हलवून पलीकडच्या लुळ्या हाताला फसवण्याची युक्ती आली, आणि तीही मेंदूविज्ञानाच्या आधारानं. देशातही साधनं घडू लागली: कानपूरला १९७२ साली कृत्रिम अवयव बनवणारं सरकारी महामंडळ, जयपूर फूट, २०१४ पासून पवईच्या आय.आय.टी.त वैद्यकीय उपकरणांचं केंद्र, २०१९ मध्ये मद्रास आय.आय.टी.ची उभं करणारी चाकाची खुर्ची. जयपूर फूटबद्दल मला नेहमी वाटत आलं आहे की त्याची थोरवी रबरात जेवढी आहे तेवढीच हेतूत आहे. अनवाणी चालता यावं, शेतात चिखलात जाता यावं, उकिडवं बसता यावं, म्हणून तो पाय घडला. यादी आधी, साधन नंतर.

आता पडद्यावर खेळ खेळता खेळता हात हलवायला लावणारी यंत्रं येत आहेत, पावलं मोजणारी मनगटी घड्याळं आली आहेत. त्यांना माझा विरोध नाही. वर्षभरात पंचवीस रुग्णांना ती देऊन पाहिली, तरुणांना आवडतात. म्हाताऱ्यांपैकी जे वापरतात ते नातू शेजारी बसल्यावर वापरतात. म्हणजे उपचाराच्या आखणीत नातवाचाही हिशेब धरायला हवा, आणि संशोधनानं हे नीट मोजायला हवं. साधन मिळालं पण फडताळात पडून राहिलं, असं होतं तेव्हा चूक बहुतेक वेळा साधनाची नसते आणि माणसाचीही नसते. त्याचं घर कुणी पाहिलेलं नसतं.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींवर होती, आज त्याहून पुष्कळ जास्त आहेत. आमच्या केसपेपरवरचं वय वाढत चाललं आहे. पूर्वी पोलिओचं मूल आणि गिरणीतला तरणा कामगार, आता पार्किन्सनचे आजोबा आणि तिसऱ्यांदा पडलेल्या आजी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. त्यांच्या जागी बुरूज उठले. चाळीतल्या काही कुटुंबांना पुनर्विकासात विसाव्या मजल्यावर घर मिळालं: लिफ्ट आहे, कमोड आहे, आणि ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं गेलं. एकट्या खोलीत बसून राहिलेला माणूस किती झपाट्यानं खालावतो हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की वृद्धांच्या तपासणीत ‘दिवसभरात किती माणसांशी बोलता?’ हा प्रश्न मी गुडघ्याच्या आधी विचारते.

दोन वर्षांपूर्वी असेच एक आजोबा आले. गिरणीत साळखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. झटक्यानं उजवा हात अर्धा गेला होता. बोटं मिटायची, मनगट उचलायचं नाही. चेंडू दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला. घरी काय करायचात, तर “काय करणार, टी.व्ही.” असं उत्तर. मुलगी म्हणाली, बाबा संपाच्या आधीपासून चाळीच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. मी म्हटलं, उद्या टाळ घेऊन या.

टाळाला दोन हात लागतात. दोरी मुठीत धरायची, मनगट सैल सोडायचं, ठोका दिल्यावर लगेच आवरायचं. पहिल्या आठवड्यात आवाजच येत नव्हता, नुसतं पितळ पितळाला घासायचं. आम्ही दोरीला कापड गुंडाळून मूठ जाड केली, मनगटाला स्प्लिंट दिलं, कोपराखाली उशी ठेवली. दीड महिन्यानं उशी काढली. तीन महिन्यांनी स्प्लिंट फक्त रात्री. ठेका अजून मागेपुढे होतो, द्रुत लयीत ते थांबतात आणि पुन्हा धरतात. त्यांची यायची वेळ सोमवार आणि गुरुवार अशी होती. मागच्या पावसाळ्यात मुलीचा फोन आला, की बाबांचा गुरुवार बदलून देता का? मंडळ गुरुवारी बसतं, आणि त्यांना संध्याकाळी लवकर जाऊन सतरंजी घालायची असते.